येसकराची भाकर आणि वाईनचा पेला



दिवाळीनंतर कॉलेजातल्या एका जुन्या मित्राने मला एक आराखडा पाठवला. तो आता पर्यटनाच्या धंद्यात आहे. पुण्या-मुंबईत लोक पैसे मोजून संध्याकाळच्या 'फूड वॉक'ला येतात, मग आपल्या अमरावतीने काय घोडे मारले आहे, असा त्याचा सवाल. कल्पना अशी : थंडीच्या दिवसांत सूर्य मावळताना पंधरा-वीस पाहुणे जवाहर गेटपाशी जमतील. जुन्या परकोटाच्या कडेने फिरत गिला वडा, आलुबोंडा, कच्चा चिवडा खातील. अंबादेवीच्या परिसरात थोडी पौराणिक कथा ऐकतील. मग एका जुन्या वाड्यात झुणका-भाकर, ठेचा, पुरणाचे मांडे. शेवटी परवाना असलेल्या एका हॉलमध्ये झणझणीत मटणासोबत नाशिकची वाईन. दुसऱ्या दिवशी हेच अकोल्यात : दहीहंडा वेस, असदगड, मोर्णेचा काठ.

माझ्याकडून त्याला हवी होती दोन पाने. "वऱ्हाडातल्या खाण्याचा इतिहास लिहून दे. हलकाफुलका. तू समाजशास्त्रात एम.ए. आहेस, तुला काय अवघड?"

मी लिहूनही दिली असती. पण आराखड्याच्या दुसऱ्या पानावर 'स्वागत' या मथळ्याखाली एक ओळ होती. गेटपाशी पारंपरिक वेशातला येसकर उभा राहील. खांद्यावर घोंगडी, हातात घुंगरू लावलेली काठी. पाहुण्यांना तो 'जोहार मायबाप' म्हणेल आणि मशाल घेऊन पुढे चालेल. या कामासाठी एक पोरगा ठरलाही होता. तो आमच्या वस्तीतला, मी जिथे अभ्यासिका चालवते तिथे रोज येणारा, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा. संध्याकाळी तो मला म्हणाला, "ताई, तीन तासांचे आठशे रुपये देतात. ड्रेस त्यांचाच." येसकर म्हणजे कोण, हे मी त्याला विचारले. "वॉचमनसारखा काहीतरी असेल ना जुन्या काळचा," तो म्हणाला.

दोन पाने हलकीफुलकी झाली नाहीत. जी झाली ती इथे देते. मित्रासाठी नाही, त्या पोरासाठी.

वेस म्हणजे गावाचे दार. वेशीवरचा तो येसकर. गावच्या महारकीत हे काम पाळीने यायचे. दिवसभर काय करायचे? वेशीवर राखण, सरकारी सारा पोहोचवणे, टपाल पोहोचवणे, पाटलाचा निरोप घरोघर सांगणे, आलेल्या अंमलदाराच्या घोड्याला चारा, चुलीला लाकूड, कोणाच्या घरी मयत झाली तर उन्हातान्हात परगावी जाऊन सांगणे, आणि गोठ्यात ढोर मेले तर ओढून नेणे. या सगळ्याचा रोजचा मोबदला संध्याकाळी मिळायचा. दिवे लागणीला येसकर काठी आपटत, घुंगरू वाजवत गावात निघायचा. घुंगरू कशासाठी? तर तो येतो आहे हे आधी कळावे, वाटेत कोणी असेल तर बाजूला व्हावे, कोणाला विटाळ होऊ नये. एकेका दारासमोर लांब उभे राहून हाक द्यायची. आतून बाई भाकर आणायची आणि वरून टाकायची. कधी ताजी, बहुधा सकाळची. कधी कोरड्यास, कधी नाही.

माझी आजी अकोट तालुक्यातली. ती सांगायची, "हातावर नाही देत, बाई. वरून टाकत. घोंगडीत पडली तं बरं, खाली पडली तं झटकून खाची." ती लहानपणी बापाबरोबर या फेरीला गेली होती. कोणत्या घरची भाकर जाड, कोणत्या घरची करपलेली, कोण दार लवकर उघडते आणि कोण मुद्दाम उशीर करते, हे तिला म्हातारपणीही पाठ होते. गावाच्या स्वयंपाकघरांची तिच्याइतकी पक्की माहिती कोणत्याही टूर गाइडला असणार नाही. एकही स्वयंपाकघर तिने आतून पाहिलेले नव्हते.

म्हणजे मित्रहो, वऱ्हाडात संध्याकाळची खाद्यफेरी नवीन नाही. ती शेकडो वर्षे चालत आली. वाट तीच, वेळही तीच. आणि तिच्या आरंभाला उच्चारायचा शब्दही तोच होता : जोहार. चोखोबांच्या नावावरच्या जोहाराच्या अभंगात भुकेलेला महार मायबापांच्या दारी उष्ट्यासाठी येतो. आज वारकरी ते टाळ-मृदंगावर गातात, त्यातल्या भुकेवर फारसे कोणी थांबत नाही. चोखोबांचे जन्मगाव म्हणून आपल्याच वऱ्हाडातल्या मेहुणाराजाचे नाव घेतले जाते, हेही लक्षात ठेवा.

बाबासाहेबांनी या फेरीवर घाव घातला तो १९२७ मध्ये. मार्चमध्ये महाडच्या परिषदेत, चवदार तळ्याकडे निघण्याआधी, त्यांनी आपल्या लोकांना सांगितले की मेलेले ढोर ओढणे सोडा, मेलेल्याचे मांस खाणे सोडा, उष्टे-शिळे मागणे सोडा. पाण्याच्या हक्काच्या लढ्यात भाकरीचा विषय का आला? कारण ज्याची संध्याकाळची भाकर गावाच्या मर्जीवर आहे तो गावाच्या तळ्यावर हक्क सांगू शकत नाही. पुढच्याच वर्षी, १९२८ मध्ये, त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल आणले. बलुत्याऐवजी रोख पैसा मिळावा, वतनदाराला वेठीतून मोकळे होता यावे, हा त्यातला गाभा. १९२९ मध्ये ते बिल मागे घ्यावे लागले. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात, इथले कायदे वेगळे. पण काठी, घोंगडी आणि वरून पडणारी भाकर यांना प्रांताची सीमा नव्हती. १९५६ नंतर आपल्या गावोगावच्या माणसांनी काठी खाली ठेवली, ढोरे ओढायचे नाकारले, आणि त्याबद्दल बहिष्कार सोसले. किराणा बंद, मजुरी बंद, पिठाची गिरणी बंद. तरी काठी पुन्हा उचलली नाही. ती काठी आता आठशे रुपयांत परत हातात येते आहे.

मित्राचा मुद्दा असा की तो फक्त वेश आहे, नाटक आहे. नाटकात पोरगा राजा झाला तर तो राजा होतो का? मान्य. पण मग त्या नाटकात वरून भाकर टाकणारी बाईही दाखव. दाराआड उभा असलेला पाटीलही दाखव. पाहुण्यांपैकी एखाद्याला म्हण, तुम्ही थोडा वेळ घोंगडी पसरा. हे तो करणार नाही, कारण मग जेवण घशाखाली उतरणार नाही.

आता त्याच्या वाटेवरच चालू. अमरावतीचा परकोट निजामाच्या राजवटीत १८०७ पासून बांधायला घेतला, पिंढाऱ्यांपासून इथल्या धनिक व्यापाऱ्यांना राखायला. पाच दरवाजे, चार खिडक्या. नागपुरी गेट, खोलापुरी गेट ही नावे आजही पोलीस ठाण्यांना आहेत. खुनारी खिडकीची गोष्ट गाइडला नक्की आवडेल, कारण तिच्यात १८१८ चा रक्तपात आहे. पुढे कापूस आला. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव दिला, रेल्वे आली, जिनिंग-प्रेसिंग उभी राहिली, वाडे उठले. ज्या वाड्यात मित्राला मांडे वाढायचे आहेत तो बहुधा त्याच पैशाचा. आपली माणसेही त्याच काळात कापसाच्या गाठी बांधायला शहरात आली, काहींच्या हाती पहिल्यांदा रोख पैसा आला, आणि वऱ्हाडातली चळवळ पुढे ज्या वर्गणीवर उभी राहिली ती त्या पैशातून आली, असे माझे मत आहे.

पण अंबादेवीपाशी थांबले पाहिजे. गाइड इथे रुक्मिणीहरण सांगेल, ते त्याने सांगावे. मी सांगेन ते नोव्हेंबर १९२७ चे आहे.

महाडनंतर आठ महिन्यांनी, १३ नोव्हेंबर १९२७ ला, याच अमरावतीत इंद्रभुवन थिएटरमध्ये वऱ्हाडातल्या अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष बाबासाहेब. प्रश्न होता अंबादेवी मंदिर प्रवेशाचा. पुण्याचा पर्वती सत्याग्रह १९२९ चा, नाशिकचा काळाराम १९३० चा. अंबादेवी त्या दोघांच्या आधीची. पण पुस्तकांत आपण काळारामपासून सुरुवात करतो आणि आपल्याच गावाला विसरतो. परिषदेला डॉ. पंजाबराव देशमुखांसारखे सवर्ण, ब्राह्मणेतर कार्यकर्तेही पाठीशी होते. देवस्थानच्या बाजूने दादासाहेब खापर्डे यांनी मुदत मागितली आणि सत्याग्रह पुढे ढकलला गेला. परिषद चालू असतानाच बाबासाहेबांना थोरले बंधू बाळाराम गेल्याची बातमी आली. सभेने दुखवट्याचा ठराव केला. घरात मयत, आणि माणूस अमरावतीत परिषदेच्या कामात. ही गोष्ट मला नेहमी थांबवते. आपल्या पोरांना इंद्रभुवन हे नाव तरी माहीत आहे का? त्याच्यावरून रोज जाणाऱ्या किती जणांना?

मित्राने विचारले, पण यात खाणे कुठे आहे? अरे, देवळात खाणेच तर आहे. प्रसाद कोणाच्या हातावर पडतो, कोणाला पायरीखाली दुरून मिळतो, नैवेद्य कोण शिजवतो आणि कोणाच्या सावलीने तो बाटतो. देवळाच्या दाराचा झगडा हा पंगतीचा झगडा असतो.

आणि 'ऐतिहासिक स्थळाची सहल' म्हणाल, तर बाबासाहेबांनी एक सहल स्वतः लिहून ठेवली आहे. १९३४ सालची. ते आणि त्यांचे जवळजवळ तीस सहकारी वेरूळची लेणी पाहायला निघाले. वाटेत दौलताबादचा किल्ला. रमजानचा महिना, प्रवासाची धूळ अंगावर. किल्ल्याच्या दाराशी काठोकाठ भरलेले छोटे तळे होते, तिथे काहींनी हात-पाय-तोंड धुतले. आत जायला दारावरच्या शिपायांकडून परवानगीची वाट पाहत असताना मागून एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा ओरडत आला की यांनी तळे बाटवले. बघता बघता गर्दी जमली, शिव्या सुरू झाल्या. बाबासाहेबांनी त्यांना विचारले, तुमचा धर्म हेच शिकवतो का? अस्पृश्य उद्या मुसलमान झाला तर त्याला पाणी घेऊ देणार नाही का? त्यावर गर्दी गप्प झाली. शेवटी किल्ला पाहू दिला, पण अट अशी की आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही, आणि ते पाहायला बंदूकधारी शिपाई बरोबर.

ही आपल्या इतिहासातली गाइडसह सहल. गाइडच्या हाती बंदूक होती आणि त्याला किल्ल्याची माहिती सांगायची नव्हती, पाणी राखायचे होते. कोलंबियाचा डॉक्टरेट, बॅरिस्टर, गोलमेज परिषदेचा सदस्य, त्याच्या ओंजळीवर पहारा. लक्षात घ्या, तिथे ओरडणारे हिंदू नव्हते. जात कशी शेजारच्या धर्मांतही पाझरते हे बाबासाहेबांना तिथे दिसले आणि त्यांनी ते झाकून ठेवले नाही. आपणही झाकू नये.

संविधानाचा अनुच्छेद १५ चा दुसरा भाग कधी सावकाश वाचा. दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले, करमणुकीची ठिकाणे. विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते. धर्म, जात, लिंग यांवरून कोणालाही तिथे अडवता येणार नाही. मला ती यादी दौलताबादच्या वाटेसारखी वाटते. मित्राच्या आराखड्यातला प्रत्येक थांबा त्या यादीत आहे. आज त्याचे पाहुणे बिनधास्त रस्त्यावर उभे राहून वडा खाणार आहेत, ते या कलमाच्या जोरावर. आमच्या आजोबांच्या पिढीपर्यंत हॉटेलात आपल्यासाठी वेगळा कप असायचा, बाहेर खुंटीला टांगलेला, ज्याचा त्याने धुवायचा. तो कप कोणत्याच संग्रहालयात नाही.

विहिरींचे श्रेय द्यायचे तर वऱ्हाडात पंजाबरावांचे नाव घ्यावे लागते. अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष असताना त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या करण्याचा निर्णय घेतला, आणि अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढले जिथे सर्व जातींची मुले एका पंगतीला बसत. त्यांच्या नावाचे राजकारण आज कोण कसे करते हा वेगळा विषय. मित्राला वाडाच दाखवायचा असेल तर त्याच्याऐवजी ते छात्रालय दाखवावे, असे मी सुचवले आहे.

आणखी एक माणूस या फेरीत हवा, आणि तो पक्का अमरावती जिल्ह्यातला. शेंडगावचा डेबू, परटाचा पोर. म्हणजे गाडगेबाबा. जन्म २३ फेब्रुवारी १८७६. संसारात असताना मुलीच्या बारशाला भावकीच्या रिवाजाप्रमाणे बोकड आणि दारू द्यायची होती, ती त्यांनी दिली नाही, गोडधोड वाढले. भावकी चिडली. पुढे घर सोडले तेव्हा बरोबर घेतले एक मातीचे गाडगे. त्यातच खायचे, त्यातच पाणी प्यायचे, तेच डोक्यावर. गावात शिरायचे, आधी रस्ता झाडायचा, मग भाकर मागायची. काम आधी, भाकर नंतर, आणि भाकर दिली म्हणून कोणाचा मिंधेपणा नाही. येसकरही काम करून भाकर मागत होता. फरक कुठे आहे? येसकराला ते जन्माने लादले होते, नाही म्हणायची सोय नव्हती. गाडगेबाबांनी ते निवडले, आणि रात्री कीर्तनात त्याच भाकर देणाऱ्यांना त्यांच्या जातिभेदावरून, कर्जावरून, बोकड कापण्यावरून झाडले. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ मध्ये त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. बाबासाहेब गेले ६ डिसेंबर १९५६ ला, आणि चौदा दिवसांनी, २० डिसेंबरला, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गाडगेबाबा गेले. अमरावतीहून वलगाव कितीसे लांब आहे? खाद्यफेरीची गाडी तिथे नेता येईल. पण तिथे विकण्यासारखे काही नाही, एक गाडगे आहे.

आता ताटात काय असावे यावर येते. मित्राच्या यादीत 'अस्सल वऱ्हाडी' म्हणून जे आहे ते मलाही आवडते. ज्वारीची भाकर, भरीत, पातोडीचा रस्सा, रोडगे, हिरव्या मिरचीचा ठेचा. आमच्या घरीही तेच शिजते. पण 'अस्सल' या शब्दाखाली ताटातून काय काढले जाते तेही पाहा. मांसाचे तुकडे दोरीवर वाळवून केलेल्या चान्या, रक्ती, वजडी, चरबीचे चुनचुने. घरात तेल नसताना चरबीवर शिजणारे कोरड्यास. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ मध्ये आले तेव्हा मराठीत पहिल्यांदा या ताटाची अशी सविस्तर नोंद झाली, तीही मराठवाड्यातली. वऱ्हाडातली नोंद अजून आपल्या म्हाताऱ्या बायांच्या तोंडीच आहे, आणि त्या बाया संपत चालल्या आहेत. एम.ए. झालेल्या पोरा-पोरींनो, प्रबंधाला विषय मिळत नाही म्हणता ना?

इथे रोम शहराचे उदाहरण द्यावेसे वाटते. तिथे टेस्टाचो नावाचा भाग आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथे मोठा कत्तलखाना उभा राहिला, १९७५ पर्यंत चालला. चांगले मांस धनिकांकडे, पाद्र्यांकडे जायचे. खाटिकखान्यातल्या मजुरांना मजुरीचा भाग म्हणून उरलेले मिळायचे : शेपूट, आतडी, काळीज, पोट. त्याला ते 'पाचवा हिस्सा' म्हणत. त्या मजुरांच्या बायकांनी त्यातून जे पदार्थ रांधले ते आज रोमची शान आहेत. संध्याकाळच्या फेऱ्या मुद्दाम टेस्टाचोला जातात, वाईनच्या पेल्यासोबत शेपटीचा रस्सा खातात, आणि गाइड अभिमानाने सांगतो की हे गरिबांचे खाणे होते. तिथेही गरिबाचे खाणे श्रीमंताने विकत घेतलेच. पण निदान ते ताटात आले, नाव न बदलता.

आपल्याकडे तो 'पाचवा हिस्सा' विटाळ ठरला, आणि आता गुन्हा. राज्याच्या प्राणी संरक्षण कायद्यातली १९९५ ची दुरुस्ती वीस वर्षे पडून होती, २०१५ मध्ये तिला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. मे २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली, फक्त परराज्यातून आणलेले मांस जवळ बाळगण्यावरची शिक्षा रद्द केली. यावर आपल्यातले काही मित्र म्हणतात की बाबासाहेबांनीच तर सोडायला सांगितले होते, मग तक्रार कसली? तक्रार अशी की सोडणे आणि सोडायला लावणे यांत माणूस आणि ढोर यांच्याइतके अंतर आहे. महाडला सांगितले ते मेलेल्या ढोराबद्दल, कारण त्या मांसाच्या मागे गुलामी होती. समाजशास्त्राच्या वर्गात मला शिकवले गेले की खालच्या जाती मांस-दारू सोडून वरच्यांची नक्कल करतात, त्याला श्रीनिवासांनी संस्कृतीकरण असे नाव दिले. मी तेव्हाही हात वर केला होता. आमच्या आजोबांनी मेलेले मांस सोडले ते ब्राह्मणासारखे दिसायला नाही. ज्याने ते सोडले त्यानेच जानवे, देव, सण, पूजा हेही सोडले. नक्कल करणारा असे करत नाही.

आणि वाईन. इथे मी सरळ बोलते. मी बौद्ध आहे. पंचशीलातले पाचवे शील मी रोज म्हणते, आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. तेव्हा त्या हॉलमध्ये मी जाणार नाही. दुसऱ्याने प्यावे की नाही हा त्याचा प्रश्न. मला राग येतो तो दोन मापांचा.

मोहाचे फूल घ्या. मेळघाटातल्या कोरकूंच्या घरी ते धान्यासारखे साठवतात, खातात, दारूही गाळतात. इंग्रजांनी १८७८ चा अबकारी कायदा केला, १८९२ मध्ये ठाणे-कुलाब्यासाठी तर मोहाची फुले गोळा करणे-साठवणे यांवरच बंधने आणली. स्वराज्य आल्यावर १९४९ चा दारूबंदी कायदा आला. आजही गावठी गाळली म्हणून पोलीस भांडी फोडतात ती कोणाची? आदिवासीची, पारध्याची, आपल्या वस्तीतल्या विधवेची. द्राक्षाच्या दारूला मात्र २००१ मध्ये राज्याने वेगळे उत्तेजनाचे धोरण दिले, आणि २७ जानेवारी २०२२ ला मंत्रिमंडळाने किराणा मालाच्या मोठ्या दुकानांतून वाईन विकायला मान्यता दिली. विरोध झाला, ते तसेच राहिले. वाईन म्हणजे दारू नव्हे, ती शेतकऱ्याच्या हिताची, असे तेव्हा सांगितले गेले. द्राक्ष पिकवणारा शेतकरी, मग मोह वेचणारी बाई कोण? एकाच रसायनाला एकीकडे संस्कृती म्हणायचे आणि दुसरीकडे कलम लावायचे, हे जातीच्या सवयीशिवाय समजत नाही.

याचा अर्थ गावठीला परवाना द्या असा मी काढत नाही. वस्तीत काम करते, रात्री अकराला दार वाजते आणि डोके फुटलेली बाई उभी असते, तिला कोणत्या द्राक्षाची होती हे विचारत नाही. बाटली आडवी करण्यासाठी मतदानाला उभ्या राहिलेल्या बायांत आपल्या बाया पुढे होत्या आणि आहेत. मित्राला मी एवढेच लिहिले की मटणासोबत ताक दे. वऱ्हाडात उन्हाळ्यात ताकच पितात.

त्याचे उत्तर आले. खाणे माणसांना जवळ आणते, तू उगाच भिंती शोधतेस, असे काहीसे. हा मुद्दा जुना आहे आणि प्रामाणिक माणसेही तो मांडतात. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'जातिनिर्मूलन'मध्ये त्याचे उत्तर देऊन ठेवले आहे. सहभोजनाने जात मरत नाही. एकमेकांकडे जेवणाऱ्या जातीही जातीच राहतात, कारण जातीचे मूळ चुलीत नाही, शास्त्राच्या अधिकारावरच्या श्रद्धेत आहे आणि लग्नाच्या बंधनात आहे. मी मित्राला विचारले, तुझ्या फेरीतले पंधरा जण एका ताटात जेवतील, त्यांतले किती जण आपल्या पोरीचे स्थळ जातीबाहेर पाहतील? त्यावर त्याने हसणारा चेहरा पाठवला.

पण एक गोष्ट त्याची खरी आहे आणि ती मी मान्य केली. आपल्या पोरांना काम हवे आहे. आठशे रुपये म्हणजे त्या पोराच्या घरी दोन-तीन दिवसांचा किराणा आणि महिन्याची बसची पास. "नको करू" म्हणणे मला सोपे आहे, माझा पगार दर महिन्याला येतो. म्हणून मी त्याला नको म्हटले नाही. आम्ही आठ-दहा जण एका रविवारी संध्याकाळी मित्राच्याच वाटेने चाललो. जवाहर गेट, परकोट, अंबादेवी, इंद्रभुवनची जागा, शेवटी इर्विन चौकात बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी. वाटेत गिला वडा खाल्ला, पैसे वर्गणीने. जिथे जे घडले ते तिथे उभे राहून सांगितले. दौलताबादची गोष्ट मी सांगत असताना दोन अनोळखी माणसे येऊन आमच्यात उभी राहिली आणि शेवटपर्यंत ऐकून गेली.

घुंगराची काठी कशासाठी असते हे त्याला मी अंबागेटपाशी सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "माझा आजा करत असे का हे?" मी म्हटले, आजा नसेल, त्याचा बाप असेल. घरी विचार.

त्याने घरी विचारले. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच त्या मित्राला फोन केला, माझ्यासमोर. म्हणाला, "सर, येसकर नाही करत. गाइड करतो. मला सगळं पाठ आहे." पलीकडून काय उत्तर आले ते मला ऐकू आले नाही. फोन ठेवून तो म्हणाला, "बघतो म्हणाले. इंग्लिश येतं का विचारत होते."

गेल्या आठवड्यापासून अभ्यासिकेत संध्याकाळी सात ते आठ इंग्रजीचा तास सुरू केला आहे. अमरावतीत कोणी शिकवायला येऊ शकत असेल तर कळवा. अकोल्याची वाट अजून चालायची आहे, दहीहंडा वेशीपासून. तिकडच्या ज्या आजी-आजोबांना संध्याकाळची भाकर आठवते त्यांच्याशी बोलून ठेवा, आम्ही येतो.